गाठोडे न सोडता

इथे मनामात संगणकाच्या कामावर असलेल्या माणसाला एक प्रसंग वारंवार येतो. शेकडो फाइली दाबून बांधलेले एक भले मोठे गाठोडे असते आणि साहेबाला त्यातली एकच फाइल हवी असते. काळ्या पडद्यावर आज्ञा एका ओळीची. टार असेल तर 'टार -एक्सएफ', झिप असेल तर 'अनझिप', मग गाठोड्याचे नाव आणि शेवटी हव्या त्या फाइलचे नाव. पण झिप क्षणात मोकळी होते आणि दाबलेली टार चहा संपला तरी चालूच. असे का? उत्तर इतिहासात आहे.

टार म्हणजे टेप आर्काइव्ह. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर १९७९ साली ते आले, तेही चुंबकीय फितीसाठी. फीत गाण्यांच्या कॅसेटसारखी. पाचवे गाणे हवे तर आधीच्या चारांवरून जावेच लागते. म्हणून टारमध्ये एकत्र यादी नाही. प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटांची चिठ्ठी, त्यात नाव आणि आकार, की झाले. फितीच्या मधोमध दुरुस्ती करता येत नसे, त्यामुळे फाइलची नवी प्रत शेवटी जोडत. म्हणूनच हवी ती फाइल सापडली तरी टार थांबत नाही. न जाणो, पुढे तिचीच नवी प्रत असेल! (ग्नू टारला '--ऑकरन्स' सांगितले, तर पहिली सापडताच थांबतो.)

नुसती टार डिस्कवर असेल, तर चिठ्ठीतला आकार वाचून पुढे उडी तरी मारता येते. १९९२ साली जाँ-लू गाईली आणि मार्क अ‍ॅडलर यांचा जीझिप आला. तो सगळे गाठोडे एकसंध दाबतो. उडी मारायची सोय गेली. सुरुवातीपासून उलगडत जाणे आले.

झिपची गोष्ट निराळी. अमेरिकेत मिलवॉकीच्या फिल कॅट्झने 'आर्क' या तेव्हाच्या प्रसिद्ध प्रकारासाठी अधिक वेगवान प्रोग्रॅम लिहिला. आर्कवाल्या कंपनीने १९८८ साली दावा ठोकला, तडजोड झाली आणि कॅट्झला आर्कचा नाद सोडावा लागला. १९८९ साली त्याने झिप आणली आणि तिची रचना सगळ्यांसाठी खुली केली. तिच्यात प्रत्येक फाइल वेगळी दाबलेली असते आणि सगळ्यांची यादी, कोण कुठे बसले आहे त्यासकट, शेवटी असते. शेवटी का? सगळे भरून झाल्यावरच पत्ते पक्के होतात म्हणून. फ्लॉपीच्या जमान्यात अनेक फ्लॉप्यांवर पसरलेली झिप सोडताना आधी शेवटची फ्लॉपी मागितली जाई, ते याचमुळे.

या जुन्या निर्णयाची किंमत आज बहरीनमध्ये पैशांत मोजता येते. बटेल्कोने इथे महाजाल आणले १९९५ साली. सरकारने २०१७ साली 'क्लाउड आधी' हे धोरण घेतले आणि २०१९ साली अ‍ॅमेझॉनची डेटा सेंटरे इथे सुरू झाली. अशा साठ्यातून बाहेर जाणाऱ्या माहितीचे पैसे पडतात. दूरच्या फाइलचा नेमका तुकडा मागायची सोय महाजालाच्या नियमांत १९९७ पासून आहे. झिप असेल तर शेपटी मागवून यादी वाचायची आणि तेवढीच फाइल आणायची. साधा अनझिप हे करत नाही, पायथनमध्ये थोडे लिहावे लागते. जीझिप केलेल्या टारमध्ये मात्र हव्या त्या फाइलपर्यंतचे सगळे ओढावे लागते.

टारचीही बाजू आहे. एकसारख्या पुष्कळ छोट्या फाइली असतील, तर एकत्र दाबलेले गाठोडे लहान होते. आणि उतरवताना मध्येच तुटले, तर टारचा आलेला भाग सुटतो. झिपची मात्र यादीच गेलेली असते. तेव्हा वर्षानुवर्षे पडून राहणार असेल तर टार करावी, पण 'टार -टीएफ' ने यादी काढून शेजारी ठेवावी. रोज एकेक फाइल लागणार असेल तर झिप.

आणि हे फक्त आम्हा संगणकवाल्यांचे नाही. वर्डची २००७ पासूनची डॉकएक्स फाइल आतून झिपच असते. घरच्या कुणी वर्डमध्ये चिकटवून पाठवलेले फोटो हवे असतील, तर फाइलची एक प्रत करा, तिचे शेपूट बदलून झिप करा आणि आतले 'मीडिया' दालन उघडा. हे पाहायला कॅट्झ उरला नव्हता. २००० साली, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी, मिलवॉकीच्या एका हॉटेलात तो दारूपायी गेला.