मालदांडीची काढणी आणि कंबर

शिवारात ज्वारीच्या काढण्या चालू झाल्यात, म्हणून थोडा इतिहास.

आपल्या मोहोळला 1930 च्या दशकात गावरान मालदांडीतून निवड करून एम 35-1 हे वाण निघालं. अजून रानात उभं आहे. कमी पाण्यावर येतं, भाकरी गोड, कडबा उंच. पण काढायची रीत मात्र त्याच्याही आधीची, हातानं उपटायची. त्याला कारणं होती. बुडापासून कडबा लांब भरतो, आणि रानात धसकटं राहत नाहीत, नांगरट सोपी जाते.

आता हिशेब करा. शिफारशीप्रमाणं 45 बाय 15 सेंटिमीटरवर पेरलं तर एकरात साठ हजाराच्या जवळपास ताटं बसतात. दोन-दोन ताटं धरली तरी तीस हजार हिसके. भेगाळलेली काळी जमीन, वाकलेली कंबर, हाताला फोड. आमच्या वडिलांच्या काळी तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची, मग मळणी यंत्र आलं. मळणीचे कष्ट गेले, उपटणं तिथंच राहिलं. आज ज्वारी सोडून लोक दुसऱ्या पिकाकडं वळतात, त्यात काढणीला माणूस मिळत नाही हे मोठं कारण.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात असंच झालं होतं. तिथं शेतमजुरांना हातभर दांड्याचं खुरपणीचं कुदळं द्यायचे. दिवसभर वाकून काम. मुकादमाला सोयीचं, कोण उभं राहिलं ते लांबून दिसतं! मजुरांनी दाद मागितली, डॉक्टरांनी पाठीच्या दुखण्याची साक्ष दिली, आणि 1975 मध्ये सरकारनं ते अवजार बंद केलं. लांब दांडा आला. पिकं काही बुडाली नाहीत.

आपल्याकडं कोळपणीला सायकल कोळपं आलं, ते उभ्यानं चालतं. काढणीचं तसं झालं नाही. बुटकं वाण केलं तर मशीन चालेल, पण मग जनावरांनी खायचं काय? धसकटाचं कारण मात्र मला आता पटत नाही, रोटाव्हेटर घरोघरी आहे. दातेरी विळ्यानं कापली तर हिसका वाचतो, वाकणं राहतंच.

कृषी विभागाच्या साहेबांना एक विनंती. वाणांच्या चाचणीत दाणा आणि कडब्याशेजारी ताट उपटायला किती जोर लागतो तेही मोजा. आणि कुणी उभ्यानं उपटायचा लांब दांड्याचा चिमटा वापरत असेल, तर फोटो टाका, एकरी किती वेळ लागला तेही लिहा.