अश्महत्यारांचा दगडस्रोत-शोध (चंद्रपूर-गडचिरोली)

हत्यारातील सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रमाण संभाव्य खडकांशी ताडून दगडाचे उगमस्थान ठरविण्याची पद्धत. कॅन आणि रेन्फ्रू यांनी १९६४ मध्ये भूमध्यसागरी प्रदेशातील ऑब्सिडियनवर ती यशस्वी करून दाखविली. ज्वालामुखीची ही काच रासायनिक दृष्ट्या बरीच एकजिनसी असते, म्हणून तेथे काम सोपे झाले. चंद्रपूरला ती सोय नाही.

शहरालगत झरपट नाल्याकाठची पापामियाँ टेकडी हे या भागातील महत्त्वाचे अश्मयुगीन स्थळ. अशा ठिकाणी तपासायचा असतो तो चर्ट, कॅल्सेडनी, गारगोटी किंवा क्वार्टझाइट. चर्ट जवळजवळ सगळा सिलिकाच, आणि एकाच थरात त्याची घडण बदलते. त्याचे उगमही अनेक: दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्या, लाव्हाथरांमधले गाळथर, पैनगंगा समूहातील चुनखडक. पूर्वेकडे सुरजागडचा पट्टेदार लोहखडक मात्र नुसत्या डोळ्यांनीही वेगळा ओळखू येतो.

खरी अडचण नद्यांची आहे. सातपुड्यात उगम पावणारी वर्धा बेसाल्ट प्रदेशातले गोटे चंद्रपूरपर्यंत वाहून आणते. तेव्हा रसायन खडकाचे मूळ सांगेल, माणसाने तो कोठून उचलला हे नव्हे. त्यासाठी हत्यारावर उरलेली दगडाची मूळ साल पाहावी लागते. गुळगुळीत, झिजलेली असेल तर दगड नदीपात्रातला. ही साधी पाहणी यंत्राआधी व्हायलाच हवी.

क्ष-किरण प्रतिदीप्तीने हत्याराला इजा होत नाही, पण चर्टमधील अत्यल्प मूलद्रव्ये तिला बहुधा सापडत नाहीत. लेसर-वस्तुमानमापन ती टिपते. मागे सूक्ष्म खड्डा राहतो.