जपानमधल्या शिंतो देवळात जाताय? आत पाऊल टाकण्याआधी हे वाचा

चेरीच्या बहराचे फोटो फीडवर दिसू लागले की अंधेरी, बोरिवलीपासून मुलुंड, घाटकोपरपर्यंतच्या अनेक घरांत जपानच्या सहलीचा विषय निघतो. टोकियो, क्योतोला गेलात की लाल कमानीसमोर फोटो होणारच. पण ती कमान नुसती फोटोची जागा नाही, तिथून पुढे देवाची हद्द सुरू होते. तिथे नेमकं कसं वागायचं, ते बघूया.

शिंतो देऊळ म्हणजे काय?

शिंतो हा जपानचा मूळ धर्म. त्यातल्या देवतांना ‘कामी’ म्हणतात. डोंगर, झाड, धबधबा, पूर्वज किंवा एखादा सम्राटही कामी असू शकतो. १९२० साली उभारलेलं टोकियोचं मेइजी जिंगू हे सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांना वाहिलेलं आहे.

शिंतो देवळाला ‘जिंजा’ म्हणतात, तर बौद्ध मंदिराला ‘तेरा’. आपल्या वरळीचं जपानी मंदिर बौद्ध आहे, शिंतो नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, कारण दोन्हीकडच्या रीती वेगळ्या आहेत. टोकियोच्या आसाकुसा भागात सेन्सोजी हे बौद्ध मंदिर आणि आसाकुसा जिंजा शेजारी-शेजारी आहेत. जिंजात टाळ्या वाजवायच्या, सेन्सोजीत मात्र शांतपणे हात जोडायचे.

चपला कुठे काढायच्या?

आपला पहिला प्रश्न हाच असतो! आवारात चपला-बूट काढायची गरज नाही. इमारतीच्या आत जायचं असेल तरच काढायचे.

दर्शनाचा क्रम

१. ‘तोरी’ म्हणजे कमान. तिच्यासमोर थांबून किंचित वाका. वाटेच्या मधोमध चालू नका. मधली वाट देवाची मानतात.

२. पुढे पाण्याचं कुंड लागतं. उजव्या हातात पळी धरून डावा हात धुवा, मग उजवा. डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरा आणि ती कुंडाबाहेर टाका. पळी थेट तोंडाला लावायची नाही. शेवटी पळी उभी धरून उरलेल्या पाण्याने तिचा दांडा धुवा.

३. दानपेटीत नाणं अलगद टाका. अनेक जण ५ येनचं नाणं निवडतात, कारण जपानीत ‘गो-एन’ म्हणजे पाच येन आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे ऋणानुबंध.

४. घंटा असेल तर वाजवा. मग दोनदा कमरेतून वाका, दोन टाळ्या वाजवा, हात जोडून प्रार्थना करा आणि शेवटी एकदा वाका. इझुमो ताइशा या प्रसिद्ध देवळात मात्र टाळ्या चार असतात.

मूर्ती का दिसत नाही?

गाभाऱ्यात देवतेचं प्रतीक असतं, बहुधा आरसा किंवा तलवार, आणि तेही झाकलेलं. त्यामुळे मुखदर्शनाची रांग नसते. आतले फोटो काढायला अनेक ठिकाणी मनाई असते, तेव्हा पाटी बघा.

ओळखीच्या खुणा

घरात मृत्यू झाला असेल तर साधारण ५० दिवस देवळात न जाण्याची रीत तिथेही आहे, म्हणजे आपल्या सुतकासारखीच. टोकियोजवळच्या एनोशिमा बेटावरच्या देवळात बेंझाइतेन आहे, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला पोचलेली आपली सरस्वती!

सोबत काय आणता येतं?

‘ओमामोरी’ हा ताईत, तर ‘ओमिकुजी’ ही भविष्याची चिठ्ठी. चिठ्ठी वाईट निघाली तर ती आवारातल्या ठरलेल्या जागी बांधून येतात. ‘एमा’ या लाकडी पाटीवर इच्छा लिहून ती तिथेच टांगायची. ‘गोशुइन’ म्हणजे देवळाचा शिक्का आणि सुंदर अक्षरातली नोंद. ती दर्शनानंतर आणि त्यासाठीच्या खास वहीतच घ्यावी.

एवढं जपायचं कशासाठी?

२०२४ मध्ये एका परदेशी पर्यटक तरुणीने तोरीला लोंबकळून व्यायामाचा व्हिडिओ केला. जपानमध्ये संताप उसळला आणि तिला माफी मागावी लागली. त्याच वर्षी मेइजी जिंगूच्या तोरीवर अक्षरं कोरल्याच्या आरोपावरून एका अमेरिकी पर्यटकाला अटक झाली. २०२५ मध्ये तर त्सुशिमा बेटावरच्या वाताझुमी देवळाने, पर्यटकांच्या वागण्याला कंटाळून, भाविक सोडून इतरांना प्रवेशबंदी जाहीर केली.

म्हणजे एकाच्या रीलची किंमत पुढच्या सगळ्यांना मोजावी लागते. गावच्या ग्रामदेवतेच्या देवळात कुणी परका कसा वागलेला आपल्याला आवडेल, तसंच तिथे वागावं. तेवढं जमलं तर टाळ्यांचा क्रम चुकला तरी कुणी रागावणार नाही.