खुब्याचे सांधेरोपण व भुलेची निवड : सातपुडा परिसरातील सिकलसेल रुग्णांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

खुब्याचा झिजलेला सांधा काढून कृत्रिम सांधा बसविताना रुग्णास संपूर्ण भूल द्यावी, की पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करावा, हा वाद जुना आहे. मात्र तो बहुतांशी वृद्ध रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून झाला. शिरपूर तालुक्याच्या उत्तरेकडील सातपुड्याच्या पट्ट्यात पावरा व भिल्ल समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ऐन तारुण्यात खुबा निकामी होऊ शकतो. जुन्या वादाची उत्तरे या तरुण रुग्णास कितपत लागू पडतात, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

जर्मनीतील कील येथे १८९८ साली ऑगस्ट बिअर यांनी कोकेन वापरून कण्यातील भूल प्रथम यशस्वी केली. पुढे ही पद्धत रूढ झाली, परंतु १९४७ साली इंग्लंडमधील चेस्टरफिल्ड येथे एकाच दिवशी दोन रुग्णांचे पाय कायमचे लुळे पडले. १९५४ साली न्यायालयाने डॉक्टरांना दोषमुक्त केले, तरी भीती उरली. १९५६ साली हॅलोथेन वापरात आले आणि संपूर्ण भूल अधिक सुकर झाली. जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये आधुनिक सांधेरोपण सुरू केले, ते याच वातावरणात. म्हणजे कण्यातील भूल मागे पडली ती तुलनेत हरल्याने नव्हे, धास्तीने.

तिचे पुनरागमन आकडेवारीने झाले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १४१ चाचण्यांतील ९,५५९ रुग्णांचा विचार होता. कण्याजवळील भुलेने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे त्यात दिसले. पुढे २०२१ साली अमेरिका व कॅनडातील १,६०० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. खुब्याच्या अस्थिभंगानंतर ६० दिवसांत मृत्यू किंवा चालण्याची क्षमता गमावणे, याचे प्रमाण कण्यातील भुलेत १८.५ टक्के व संपूर्ण भुलेत १८.० टक्के भरले. फरक जवळजवळ नाहीच! परंतु हे सर्व रुग्ण पन्नाशीचे वा त्यापुढचे होते.

तपासले एकास आणि निष्कर्ष लावला दुसऱ्यास, हा प्रकार भुलेच्या इतिहासात नवा नाही. मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८-८९ मध्ये एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. प्राण्यांवरील प्रयोगांवरून क्लोरोफॉर्मचा धोका श्वसनास आहे, हृदयास नाही, असे ठरविण्यात आले. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी हृदयाचा धोका दाखवून दिला.

सिकलसेल रुग्णाच्या बाबतीत शरीर थंड पडणे, पाणी कमी होणे, प्राणवायू घटणे आणि रक्तप्रवाह मंदावणे हे खरे शत्रू होत. संपूर्ण भुलेत प्राणवायूवर नियंत्रण राहते, पण नंतर फुप्फुसांचा तीव्र त्रास उद्भवू शकतो. कण्यातील भुलेत रक्तस्राव कमी होतो व शस्त्रक्रियेनंतरची वेदनाही प्रारंभी आटोक्यात राहते, मात्र रक्तदाब एकदम उतरला तर पेशी अडकण्यास वाव मिळतो. शिवाय अशा रुग्णाच्या हाडाची पोकळी कठीण झालेली असल्यास शस्त्रक्रिया लांबते. १९९५ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात कण्यातील व इतर प्रादेशिक भुलेनंतर सिकलसेलचे उपद्रव अधिक दिसले होते. तो फरक संख्याशास्त्रीय कसोटीस थोडक्यात उतरला नाही, म्हणून त्यावर विसंबून ही भूल त्याज्य ठरविणे घाईचे होईल.

याउलट शस्त्रक्रियेपूर्वी रक्त देण्याचा पुरावा अधिक ठोस आहे. २०१३ सालच्या चाचणीत लहान व मध्यम जोखमीच्या शस्त्रक्रियांचे ६७ रुग्ण होते. रक्त न दिलेल्यांत ३९ टक्के, तर दिलेल्यांत १५ टक्के गुंतागुंत झाली. अर्थात कोणती भूल, याआधी रुग्णास सिकलसेल आहे काय आणि जुळणारे रक्त हाताशी आहे काय, हे विचारावे लागते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी करून कार्ड देण्याची योजना आहे. तरुणपणी खुबा गमावणारा रुग्ण याच वयोगटातला. भूलपूर्व तपासणीच्या कागदावर मात्र त्या कार्डासाठी वेगळा रकाना असावयास हवा.