तह, करार, सल्ला, राजीनामा : काही सामोपचारवाचक शब्दांचा अर्थेतिहास

सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा कृष्णेस मिळते. साताऱ्याचे छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांच्यात १३ एप्रिल १७३१ रोजी जे ठरले, त्यास इतिहास या नदीच्या नावाने 'वारणेचा तह' म्हणतो. १७५० मध्ये रामराजे व पेशवे यांच्यात ठरले ते मात्र 'सांगोल्याचा करार' या नावाने प्रसिद्ध आहे. हा भेद निव्वळ योगायोगाचा मानता येत नाही. तह दोन सत्तांचा. करार धनी व सेवक, सावकार व कूळ यांच्यातही होऊ शकतो.

'तह' शब्दाच्या व्युत्पत्तीस दोन वाटा आहेत. फारसीत 'तह' म्हणजे घडी, थर, तळ. अरबीत 'अहद' म्हणजे वचन, आणि त्याच धातूपासून 'तअह्हुद', म्हणजे पत्करलेले दायित्व. ध्वनी पहिलीस अनुकूल आहे, अर्थ दुसरीस. केवळ ध्वनिसाम्यावर निर्णय देणे उतावळेपणाचे होईल. 'करार'विषयी असा संशय नाही. त्याचा अरबी धातू स्थिर होणे, ठरणे या अर्थाचा असून 'इकरार' व 'बेकरार' हे त्याचेच आप्त होत. मराठीत तो मूळचा ठामपणा 'करारी' या विशेषणात अधिक टिकला आहे. कागदावरचे करार मोडतात, करारी माणूस मोडत नाही!

जुने कागद वाचणाऱ्याने सर्वाधिक जपावे ते 'सला', 'सल्ला' या शब्दांपाशी. अरबीत एकाच धातूपासून 'सुल्ह' म्हणजे समेट व 'सलाह' म्हणजे हितोपदेश असे दोन शब्द निघतात. मराठीत त्यांची रूपे एकमेकांत मिसळली. त्यामुळे जेथे दोन पक्षांत सल्ला झाल्याचा उल्लेख येतो, तेथे मसलत समजल्यास युद्धाचा शेवटच वाचकाच्या दृष्टीतून निसटतो. 'सलूख' व 'सलोखा' यांचे मूळ निराळे. अरबी 'सुलूक' म्हणजे मार्गक्रमण, त्यावरून वर्तन. हिंदीत सलूक बराही असतो, वाईटही. मराठीत सलोखा चांगलाच असतो.

तथापि शब्दातील गोडवा प्रसंगात असतोच असे नाही. १७३० मध्ये वारणेकाठी प्रतिनिधींकडून पराभव झाल्यावरच संभाजीराजे तहास राजी झाले होते.

'राजी' म्हणजे संमत. त्यास फारसी 'नामा' जोडून 'राजीनामा' झाला. मराठेशाहीच्या न्यायपद्धतीत वादी व प्रतिवादी पंचायतीचा निवाडा मान्य करू असे आधी लिहून देत, तो राजीनामा. मग संमतीच्या या लेखास पदत्यागाचा अर्थ कसा आला? दुवा महसुली दप्तरात सापडतो. इंग्रजी अमलात, १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर त्या मुलुखातही, मुंबई इलाख्याची जमीनमहसूल पद्धती आली. तीत जमीन सोडणारा रयत राजीनामा देई व घेणारा कबुलायत लिहून देई. संमती तीच, पण सोडण्याची. जमिनीवरून शब्द नोकरीवर गेला. हिंदीत राजीनामा अद्याप पक्षकारांतील तडजोडीचा वाचक आहे. गुजराती व कानडीत मात्र, मराठीप्रमाणेच, पद सोडण्याचा. मुंबई इलाख्यात या तिन्ही भाषांचे प्रदेश एकाच महसुली कारभाराखाली होते, ही गोष्ट येथे विचारात घेण्याजोगी आहे.