लसूण ‘पूर्वापार’ रक्तदाबावर दिला जात होता का?

घरगुती औषधांवरचे संशोधन आराखडे चाळलेत तर पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास सापडेल: ‘लसणाचा रक्तदाबावरील उपयोग भारतात प्राचीन काळापासून ज्ञात आहे.’ वाक्य इतकं सवयीचं झालंय की गाईडही त्यावर बोट ठेवत नाहीत. आज हेच वाक्य सुटं करून बघू. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा विषय शोधत असाल, तर हा नमुना कामाला येईल.

आधी ‘रक्तदाब’ हा शब्द घ्या. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायचं उपकरण इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये मांडलं. स्टेथोस्कोपनं ठोके ऐकून वरचा आणि खालचा असे दोन आकडे काढायची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांची, १९०५ सालची. त्याआधी वैद्य नाडी बघायचे, डोकं दुखतं का विचारायचे. पण १४०/९० हा आकडा कुणाकडे नव्हता. त्यात बहुतेकांना वाढलेल्या रक्तदाबाचं काही जाणवतच नाही. जे जाणवत नाही आणि मोजताही येत नाही, त्यावर औषध होतं हे सिद्ध कसं करणार?

मग जुन्या ग्रंथांत लसणाबद्दल काय आहे? पुष्कळ आहे, आणि मोठं मजेदार आहे. १८९० मध्ये हॅमिल्टन बॉवर या ब्रिटिश अधिकाऱ्याला मध्य आशियातल्या कुचा इथं भूर्जपत्रावरची एक संस्कृत पोथी मिळाली. हर्नले यांनी ती वाचून छापली. साधारण सहाव्या शतकातल्या या पोथीची सुरुवातच लसणाच्या कल्पानं होते. राहूचा गळा कापल्यावर रक्ताचे थेंब पडले, त्यातून लसूण उगवला, म्हणून ब्राह्मण तो खात नाहीत, अशी कथा त्यात येते. पण लगेच पळवाटही दिलीय: गाईला तीन दिवस जवळजवळ गवत न देता ठेवावं, मग गवतात लसणाची पात मिसळून खायला घालावी, आणि तिचं दूध, दही, तूप ब्राह्मणानं घ्यावं! चरकसंहितेत लसूण येतो तो कृमी, कुष्ठ, गुल्म, वात यांवर. इथंच घसरायला होतं. ‘वात’ दिसला की ‘म्हणजे बीपीच’ असं लिहायचा मोह पडतो. तो आवरा. वात ही वेगळ्या शरीरशास्त्रातली कल्पना आहे. तिचं भाषांतर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये होत नाही.

आता ग्रंथांतून गावात येऊ. जळगावजवळचं असोदा तुम्हाला बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून माहीत असेल, किंवा भरितामुळे. काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, सगळं लाकडी बडगीत ठेचलेलं. हा लसूण औषध की अन्न? स्वयंपाकघराला हा प्रश्न पडत नाही, संशोधकाला पडलाच पाहिजे. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या. कोणत्या दुखण्याला लसूण कसा दिला, याच्या वह्या सहसा कुणी ठेवत नाही. म्हणून अशा विषयाला मौखिक इतिहासाची जोड लागते.

ठेचण्याचंही महत्त्व आहे. अख्ख्या पाकळीत ॲलिसिन जवळजवळ नसतं. पाकळी चिरडली की ॲलिइन आणि ॲलिनेज हे विकर एकमेकांत मिसळतात आणि मग ते तयार होतं. वासही तेव्हाच सुटतो. कॅव्हालिटो आणि बेली यांनी १९४४ मध्ये ॲलिसिन वेगळं काढलं. आधी तापवलं तर विकर मरतं. म्हणजे कच्चा ठेचलेला लसूण, फोडणीत लाल केलेला लसूण आणि बाटलीतली कॅप्सूल, या तीन वेगळ्या वस्तू झाल्या. ‘लसूण’ असा एकच शब्द लिहून भागत नाही.

आपल्याकडचा सगळ्यात वाचनीय अभ्यास पुण्याचा आहे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. सैनानी आणि सहकाऱ्यांनी जैन समाजातल्या लोकांचे तीन गट केले. एक गट आठवड्याला साधारण ५० ग्रॅम लसूण आणि ६०० ग्रॅम कांदा खाणारा, दुसरा १० ग्रॅम लसूण आणि २०० ग्रॅम कांदा खाणारा, तिसरा दोन्ही वर्ज्य असलेला. १९७९ मध्ये छापलेल्या निबंधात त्यांचं सरासरी कोलेस्टेरॉल अनुक्रमे १५९, १७२ आणि २०८ होतं. कल्पना सुंदर आहे. समाज एक, जेवण शाकाहारी, फरक धर्माच्या नेमानं आधीच पडलेला.

पण आकडे बघून हुरळू नका. लसूण वाढतो तिथं कांदाही वाढतोय. मग श्रेय कुणाला देणार? आणि जो माणूस नेम काटेकोर पाळतो, तो फक्त कांदा-लसूणच सोडतो का? त्याचं तूप, दूध, जेवायची वेळ, कामधंदा? शिवाय या मंडळींनी रक्तातली चरबी आणि रक्त गोठण्याची क्रिया पाहिली होती. रक्तदाबासाठी हा निबंध उद्धृत करणं चूक आहे.

रक्तदाबाचे पुरावे नंतरचे आणि बाहेरचे. १९९४ मध्ये सिलॅगी आणि नील यांनी ८ चाचण्या, ४१५ माणसं एकत्र करून पाहिली. वरचा दाब ७.७ नं आणि खालचा ५ नं उतरलेला दिसला. सगळीकडे वाळवलेल्या लसणाच्या पावडरीची गोळी होती. २००८ च्या एका आढाव्यात ज्यांचा दाब मुळात जास्त होता त्यांच्यात वरचा सुमारे ८.४ नं कमी झाला. नॉर्मल असणाऱ्यांत विशेष फरक नाही. म्हणजे काहीतरी आहे, थापा नाहीत. पण चाचण्या छोट्या आणि थोड्या महिन्यांच्या. पुढे झटका किंवा मृत्यू टळतो का, हे सांगायला पुरावा पुरेसा नाही, असं २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यानं म्हटलं. कोलेस्टेरॉलचीही गंमत बघा: २००७ मध्ये स्टॅनफर्डला १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण, पावडर, अर्क किंवा नुसतीच बिनऔषधाची गोळी दिली, वाईट कोलेस्टेरॉलमध्ये फरक पडला नाही.

हे सगळं इतकं कीस पाडून का बघायचं? कारण ते ‘प्राचीन काळापासून’ प्रबंधातून वर्तमानपत्रात जातं, तिथून फोनवर. मग कुणाचे तरी आबा अनशापोटी दोन पाकळ्या चावतात आणि दवाखान्याची गोळी बंद करतात. काही दुखत नसल्यामुळे आपलं बरोबरच आहे असं त्यांना वाटतं. त्यातच ठेच्यातलं मीठ दाब वाढवतं, तो हिशेब कुणी धरत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लसणाचे अर्क, कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत, कारण रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. जेवणातल्या लसणाचं एवढं भय नाही.

तर असोद्यासारख्या गावात मुलाखती घ्यायला गेलात की ‘लसूण बीपीला चांगला असतो का?’ असं विचारू नका. ‘हो’ मिळेल आणि वही भरेल. त्याऐवजी विचारा: हे पहिल्यांदा कुणाकडून ऐकलं? तेव्हा घरात कुणाचं बीपी मोजलेलं होतं का? लसूण कच्चा की फोडणीतला? मीठ किती? आणि गोळी चालू आहे ना, आजी?