द्रुतगती मार्गावरील रोजच्या प्रवासासाठी जुनी मोटार निवडताना

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली वाहतुकीसाठी पूर्णपणे खुला झाला. त्यानंतर २०१२ मध्ये ग्रेटर नोएडा ते आग्रा हा यमुना द्रुतगती मार्ग आणि २०२५ मध्ये नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. अशा मार्गांमुळे एका शहरात राहून दुसऱ्या शहरात नोकरी करणे अनेकांना शक्य झाले आहे. नवी मोटार परवडत नसल्यास त्यांच्यापुढे जुन्या मोटारीचा पर्याय असतो. मात्र गावात फिरण्यापुरती चांगली असलेली मोटार रोज तासभर सलग वेगाने धावण्यास योग्य असेलच, असे नाही.

खर्चाचे गणित

दररोज १०० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस प्रवास धरल्यास वर्षाला ३० हजार किलोमीटर अंतर होते. लिटरमागे १५ किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला यासाठी २,००० लिटर, तर २० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला १,५०० लिटर इंधन लागते. इंधनाचा दर लिटरला १०० रुपये धरला, तर वर्षाचा फरक ५० हजार रुपयांवर जातो. म्हणजे खरेदीच्या वेळी ५० हजार रुपयांनी स्वस्त मिळालेली मोटार पहिल्याच वर्षी महाग ठरू शकते.

इंधनाची निवड

लांबच्या प्रवासात डिझेल मोटार कमी इंधन घेते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल मोटारींमध्ये धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. सलग वेगाच्या प्रवासात ती आपोआप स्वच्छ होत राहते. दिल्ली व परिसरात मात्र राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनी १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर निर्बंध आणले. हा विषय पुढेही न्यायालयासमोर आल्याने तेथील खरेदीदारांनी प्रचलित नियम आधी पाहून घ्यावेत. सीएनजीचा खर्च कमी असला, तरी घाटात इंजिनाची ताकद कमी पडते. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी करावयाची चाचणी झाल्याचे प्रमाणपत्रही मागून घ्यावे.

कोणती मोटार?

मारुती डिझायर किंवा टोयोटा इटिऑस यांसारख्या मोटारी टॅक्सी म्हणूनही मोठ्या संख्येने वापरल्या गेल्या. त्यामुळे त्यांचे सुटे भाग व कारागीर महामार्गालगतच्या लहान गावांतही मिळतात. हाती आलेली मोटार पूर्वी टॅक्सी नव्हती ना, हे मात्र नोंदणी पुस्तकावरून पाहावे. जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या मोटारींमध्ये ब्रेक लावताना चाके जखडू न देणारी एबीएस यंत्रणा आणि चालकासाठी एअरबॅग असणे बंधनकारक आहे. ऐपतीत बसत असेल, तर या तारखेनंतरचीच मोटार घेणे हिताचे ठरते.

प्रत्यक्ष तपासणी

इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळत असल्याचे लक्षण होय. तेलाच्या झाकणाखाली दुधट साय दिसल्यास तेलात कूलंट किंवा पाणी मिसळत असण्याची शक्यता असते. मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने चालवल्याशिवाय व्यवहार करू नये. या वेगात स्टिअरिंग थरथरणे किंवा मोटार एका बाजूला ओढली जाणे, हे दोष शहरात लक्षात येत नाहीत. टायरच्या कडेवरील शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दाखवतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली, तरी जुने रबर वेगात फुटण्याचा धोका असतो.

मुंबईत २००५ साली आणि चेन्नईत २०१५ साली आलेल्या पुरात असंख्य मोटारी बुडाल्या होत्या. अशा मोटारी नंतर इतर राज्यांतही विक्रीस येऊ शकतात. सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर गाळाचे डाग किंवा आसनाखालील पट्ट्यांवर गंज दिसल्यास ती मोटार टाळावी.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३०, कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि परराज्यातील मोटारीसाठी नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र लागते. विमा आपल्या नावावर करण्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत अर्ज करावा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस खरेदीदाराला मिळत नाही. थकलेला दंडही व्यवहारापूर्वीच तपासावा.

नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक व अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निकालात स्पष्ट केले आहे. त्यामुळे किल्ली व पैसे यांची देवाणघेवाण झाली म्हणजे व्यवहार संपला, असे विक्रेत्याने अथवा खरेदीदाराने समजू नये. नोंदणी पुस्तकावर नाव बदलल्यानंतरच तो पूर्ण होतो.